कवटी, नाक, मेंदू आणि डीएनए : दोन गट पाडतो कोण?

२०१९ साली देशभरच्या वर्तमानपत्रांत एक बातमी झळकली. भारतीय माणसाचा मेंदू पाश्चिमात्य, चिनी आणि कोरियन माणसांच्या मेंदूपेक्षा सरासरीने लहान आहे, अशी. हैदराबादच्या ट्रिपल आयटीतील संशोधकांनी ५० पुरुष आणि ५० स्त्रिया अशा १०० भारतीयांचे एमआरआय स्कॅन घेऊन भारतीय मेंदूचा प्रमाण नकाशा तयार केला होता. हेतू वैद्यकीय होता. रुग्णाचा मेंदू आजाराने आकसला आहे का हे ठरवताना डॉक्टरांपुढे परदेशी माणसाचा नकाशा असेल तर निदान चुकू शकते, म्हणून आपल्या माणसांचा नकाशा हवा. साधी आणि उपयोगाची गोष्ट. मथळ्यांनी मात्र 'लहान' हा एकच शब्द उचलला.

अभ्यासवर्गात येणारे तरुण या बातमीवरून जो पुढचा प्रश्न काढतात, तो टाळण्यासारखा नाही. उद्या कोणी ५० सवर्ण आणि ५० दलित विद्यार्थी घेतले, त्यांचे मेंदू स्कॅन केले, संगणकाने दोन गटांत फरक दाखवला आणि 'गुणवत्ता मेंदूतच असते, आरक्षणाने ती येत नाही' असा मथळा छापून आला, तर आपण काय म्हणायचे? विज्ञान खोटे म्हणायचे, की मान खाली घालायची?

दोन्हींची गरज नाही असे आमचे म्हणणे आहे. हा प्रयोग आपल्यावर एकदा होऊन गेला आहे. तेव्हा एमआरआय नव्हते, हाडांची मापे घेण्याचा लोखंडी चिमटा होता, आणि मोजले जात होते ते नाक. त्याला बाबासाहेबांनी १९४८ साली उत्तर दिले, तेही समोरच्याच्या कोष्टकांतले आकडे वापरून. आपल्याकडे बाबासाहेबांचे निष्कर्ष पाठ असतात, पण त्या निष्कर्षापर्यंत ते कसे गेले हे फारसे कोणी वाचत नाही. म्हणून हा लेख.

सुरुवात हर्बर्ट रिस्लेपासून करावी लागते. हा बंगालमधला इंग्रज सनदी अधिकारी. १८९१ मध्ये त्याने बंगालच्या जाती-जमातींवर ग्रंथ काढला, १९०१ च्या जनगणनेचा तो आयुक्त झाला आणि १९०८ मध्ये 'द पीपल ऑफ इंडिया' हे पुस्तक लिहिले. त्याचे आवडते माप म्हणजे नासिका निर्देशांक. नाकाची रुंदी घ्यायची, तिला नाकाच्या उंचीने भागायचे, शंभराने गुणायचे. आकडा जितका मोठा तितके नाक रुंद. रिस्लेचा दावा असा, की जात जितकी वरची तितके तिचे सरासरी नाक अरुंद, आणि जात जितकी खालची तितके रुंद. म्हणजे जातीची उतरंड ही वंशाची उतरंड आहे, आर्य वर आणि अनार्य खाली, आणि नाकावर ती लिहिलेली आहे. मनुस्मृतीने जे धर्माच्या नावाने सांगितले तेच या साहेबाने दशांश चिन्हासकट सांगितले. सनातन्यांना यापेक्षा आणखी काय हवे होते?

बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते. त्याच विद्यापीठात फ्रान्झ बोआस हा मानववंशशास्त्रज्ञ शिकवत होता. त्याने अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची, सुमारे १८,००० माणसांची, मोजमापे घेऊन १९११ मध्ये दाखवले होते, की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार आईबापांपेक्षा बदलतो. (या निष्कर्षावर पुढे बराच वाद झाला, तो अजूनही पूर्ण मिटलेला नाही.) बोआसचाच शिष्य गोल्डनवायझर. त्याच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी जातींविषयीचा आपला पहिला निबंध वाचला. भारतातले लोक वंशाने मिसळलेले आहेत, आणि जात टिकते ती जातीबाहेर लग्न करू न देण्याच्या नियमावर, हे त्याचे सार. २५ वर्षांच्या त्या विद्यार्थ्याने जातीचे मूळ रक्तात न शोधता लग्नाच्या बंदीत शोधले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे डीएनएशी गाठ पडेल तेव्हा ती लागेल.

१९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त त्यांनी मुद्दा आणखी टोकदार केला. पंजाबचा ब्राह्मण आणि मद्रासचा ब्राह्मण यांच्यात वंशाचे नाते काय? पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे, मद्रासचा ब्राह्मण आणि तिथला परैया एकाच वंशाचे. पण तिथे हे प्रतिपादन होते, आकडे नव्हते. आकडे आले ते १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात.

त्या ग्रंथात एक संपूर्ण प्रकरण अस्पृश्यतेच्या वांशिक उपपत्तीवर आहे. स्टॅन्ले राईस नावाच्या लेखकाचे म्हणणे होते, की अस्पृश्य म्हणजे द्रविडांनी जिंकलेले मूळचे रहिवासी. बाबासाहेबांनी राईसशी शब्दांचा वाद घातला नाही. त्यांनी मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांचे १९३२ चे 'कास्ट अँड रेस इन इंडिया' उघडले. घुर्ये स्वतः सारस्वत ब्राह्मण, चळवळीचे कोणी नव्हेत. त्यांनी उपलब्ध मोजमापांवरून दोन-दोन जातींच्या जोड्या लावून त्यांच्यात किती अंतर आहे ते काढले होते.

आता त्यातला मुंबई इलाख्याचा निकाल नीट वाचा. देशस्थ ब्राह्मणाच्या सर्वांत जवळ कोण? चित्पावन ब्राह्मण, आणि तितकाच जवळ सोनकोळी, म्हणजे मासेमारी करणारा. त्यानंतर महार आणि कुणबी, जोडीने. शेणवी ब्राह्मण, नागर ब्राह्मण आणि उच्चकुलीन मराठा हे त्याच्याही नंतर. म्हणजे या मापांप्रमाणे देशस्थ ब्राह्मण शरीराने शेणवी ब्राह्मणापेक्षा महाराला जवळचा! ज्याची सावली चालत नव्हती तो जवळचा, आणि ज्याच्याशी 'ब्राह्मण' म्हणून नाव जुळत होते तो लांबचा. उत्तरेकडचा निकालही असाच. संयुक्त प्रांताचा ब्राह्मण पंजाबच्या खत्र्याला आणि पंजाबच्या चुहड्याला, म्हणजे भंगीकाम लादल्या गेलेल्या माणसाला, जितका जवळ आहे तितका तो स्वतःच्या प्रांतातल्या छत्री वगळता कोणत्याच जातीला नाही.

यावरून बाबासाहेबांनी काढलेला निष्कर्ष प्रसिद्ध आहे. ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत. ब्राह्मणांना आर्य म्हणा, द्रविड म्हणा किंवा नाग म्हणा, तेच अस्पृश्यांनाही म्हणावे लागेल. वंशाची उपपत्ती अशी मोडीत काढल्यावरच ते पांगलेल्या माणसांच्या आणि बौद्ध धम्माच्या द्वेषाच्या उपपत्तीकडे वळतात.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण विरोधक ती काढतीलच. संयुक्त प्रांताच्या आत मात्र शारीरिक मापे आणि जातीची पायरी यांचा बऱ्यापैकी मेळ बसतो, असे खुद्द घुर्ये म्हणतात. १९४१ मध्ये त्याच प्रांतात महालनोबिस, मजुमदार आणि सी. आर. राव यांनी जे मोठे सर्वेक्षण हाती घेतले, त्यातही ब्राह्मण एका टोकाला आणि आदिवासी दुसऱ्या टोकाला असेच गट पडले. मग बाबासाहेब चुकले का? आमच्या मते त्यांचे उत्तर १९१६ च्या निबंधातच आहे. शेकडो वर्षे एका गटाने गटाबाहेर लग्नच केले नाही, एकाला तूप मिळाले आणि दुसऱ्याला उष्टे, तर दोन गटांच्या सरासरीत फरक पडणारच. फरक सापडला म्हणून तो जातीचे कारण ठरत नाही. तो जातीचा परिणामही असू शकतो, आणि मोजपट्टी या दोहोंतला भेद सांगत नाही.

महालनोबिस यांचे नाव आले आहे, तर त्यांच्याजवळ थोडे थांबू. समाजशास्त्र शिकलेल्यांनीसुद्धा ज्याकडे पाठ फिरवलेली असते असा हा विषय आहे, पण तो समजला की अर्धी लढाई होते. १९२० मध्ये नागपूरला भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन भरले होते. तिथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांची नेल्सन अॅनन्डेल या शास्त्रज्ञाशी गाठ पडली आणि कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या मोजमापांचा ढीग त्यांच्याकडे आला. त्या ढिगातून १९३६ मध्ये जगभर 'महालनोबिस अंतर' म्हणून ओळखले जाणारे सूत्र जन्मले. मधल्या काळात, १९३३ च्या सुमारास, त्यांनी रिस्लेचे बंगालचे आकडे पुन्हा तपासले आणि त्यांतल्या चुका दुरुस्त करून प्रसिद्ध केल्या. ज्या आकड्यांवर वंशाची इमारत उभी होती, त्यांना गणिताची डागडुजी लागली होती.

हे सूत्र काय सांगते? नगरच्या बाजार समितीत कांद्याच्या दोन ट्रॉल्या उभ्या आहेत असे धरा. एकीतल्या कांद्याचे सरासरी वजन ७० ग्रॅम, दुसरीतल्याचे ७५. पण दोन्हींत ३० ग्रॅमच्या गोल्टीपासून १५० ग्रॅमच्या कांद्यापर्यंत सगळा माल आहे. आता एक कांदा हातात देऊन 'हा कुठल्या ट्रॉलीतला?' असे विचारले तर मुरलेला आडत्याही सांगू शकणार नाही. म्हणजे दोन सरासरींतला फरक हा नेहमी गटाच्या आतल्या पसाऱ्याशी ताडून पाहायचा. शिवाय उंच माणसाचे हातही लांब असतात, तेव्हा उंची आणि हात असे दोन फरक मोजून एकच गोष्ट दोनदा मोजायची नाही. महालनोबिस अंतरात या दोन्हींची काळजी घेतलेली आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक ट्रॉलीतले दहा-दहा हजार कांदे तोलले तर ५ ग्रॅमचा फरक योगायोगाचा नाही, असे छातीठोकपणे म्हणता येईल. त्यालाच 'सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय' म्हणतात. पण त्यामुळे ५ ग्रॅमचे ५० होत नाहीत. फरक असल्याची खात्री आणि फरकाचा आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कार्ल पिअर्सनचे वंशसाम्य मोजण्याचे जुने माप या दोहोंची गल्लत करते, हीच महालनोबिसांची तक्रार होती. वर्तमानपत्रे ती गल्लत आजही करतात.

आता एका मराठी बाईंची गोष्ट. इरावती कर्वे यांचे 'युगान्त' वाचलेले पुष्कळ असतील, पण बर्लिनमध्ये त्यांनी काय केले हे कमी जणांना माहीत आहे. मुंबईत घुर्यांकडे शिकून त्या १९२८ मध्ये जर्मनीला गेल्या. तिथे कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर त्यांचे मार्गदर्शक होते. फिशर म्हणजे वंशशुद्धीच्या विचारांचा मोठा स्तंभ, पुढे नाझी राजवटीला शास्त्राचा मुलामा देणाऱ्यांपैकी एक. फिशरचा तर्क असा, की गोऱ्या युरोपीय माणसाची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते, कारण त्याच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो आणि तिथेच बुद्धी राहते. इतरांच्या कवट्यांत असे नसणार. कर्वेबाईंनी १४९ कवट्या मोजल्या, त्यांत वसाहतींतून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्याही होत्या. कवटी सगळ्यांचीच थोडी वाकडी निघाली, आणि त्या वाकडेपणाचा वंशाशी काही संबंध सापडला नाही. परक्या देशात एकट्या असलेल्या पंचविशीच्या विद्यार्थिनीने आपल्या मार्गदर्शकाचा लाडका सिद्धान्त त्याच्याच संस्थेत नापास केला. या धैर्याला दाद दिलीच पाहिजे.

दाद देऊनही आमचा एक आक्षेप आहे. परत आल्यावर कर्वेबाई चाळीस वर्षे महाराष्ट्रातली माणसे मोजतच राहिल्या. वि. म. दांडेकरांसोबत १९५१ मध्ये महाराष्ट्राच्या मानवमापनाचे पुस्तक, कैलाश मल्होत्रांसोबत १९६८ मध्ये एकाच पायरीवरच्या आठ गटांची तुलना, असे हे काम चालू राहिले. त्यातून 'ब्राह्मण' नावाचा एकसंध शारीरिक गटच नाही, ही आपल्या कामाची गोष्ट निघाली. पण मोजायला सुरुवात करण्याआधीच माणसे जातींच्या डब्यांत टाकलेली होती. डबा बरोबर आहे का, हा प्रश्न मोजून झाल्यावर सुटत नाही, कारण जे काही मोजले जाते ते डब्यानुसारच मांडले जाते.

हा सगळा इतिहास कलकत्ता-बर्लिनचा आहे असे नगर जिल्ह्यातल्या वाचकाला वाटत असेल तर त्याने नेवाशाला जावे. नेवासे म्हणजे ज्ञानेश्वरीचे गाव, एवढेच आपल्याला शिकवतात. १९५४ ते १९५६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी तिथे प्रवरेकाठी उत्खनन केले. ताम्रपाषाण काळातली घरे निघाली, आणि घरांच्या जमिनीखाली मातीच्या भांड्यांत पुरलेली लहान मुले निघाली. ज्या जोर्वे संस्कृतीचे हे लोक, ते जोर्वे गावही आपल्याच संगमनेर तालुक्यात. या उत्खननाचा ग्रंथ १९६० मध्ये निघाला. त्यावर सांकलिया, देव आणि अन्सारी यांच्या बरोबर चौथे नाव आहे सोफी एरहार्ट.

कोण ही एरहार्ट? १९३८ पासून ती रॉबर्ट रिटर याच्या वंशविषयक संशोधन केंद्रात काम करत होती. जर्मनीतल्या सिंती आणि रोमा लोकांची डोकी, नाके, डोळ्यांचे रंग मोजायचे, कोण 'शुद्ध' आणि कोण 'मिश्र' हे फाइलीत नोंदवायचे, हे त्या केंद्राचे काम. त्याच नोंदींच्या आधारे माणसे ओळखून छळछावण्यांत धाडली गेली. रोमांचे पूर्वज भारतातून गेलेले आहेत हे वेगळे सांगायला नको. युद्ध संपले, एरहार्ट ट्युबिंगन विद्यापीठात प्राध्यापक झाली, आणि तिचा चिमटा प्रवरेकाठच्या हाडांपर्यंत आला. तिला कधी शिक्षा झाली नाही. १९८१ मध्ये सिंती कार्यकर्त्यांनी ट्युबिंगन विद्यापीठाच्या अभिलेखागारात ठाण मांडले तेव्हा कुठे त्या मोजमापांच्या फाइली विद्यापीठाच्या ताब्यातून सुटल्या. आपल्या पूर्वजांवरचे दस्तऐवज आपल्याच ताब्यात हवेत, हा तो लढा होता.

नेवाशाच्या हाडांचा पुढचा तुलनात्मक अभ्यास केनेथ केनेडी आणि मल्होत्रा यांनी १९६६ मध्ये केला. याच केनेडींनी पुढे उपखंडभरच्या सांगाड्यांचा अभ्यास करून, हाडांत 'आर्य' नावाचा वेगळा माणूस सापडत नाही, असे १९९५ मध्ये लिहिले.

आता मेंदूच्या स्कॅनकडे. यंत्र नवे आहे, पण प्रश्न विचारण्याची रीत तीच आहे : दोन गट घ्या, सरासरी काढा, फरक पाहा. फक्त इथे एका नाकाऐवजी मेंदूचे लाखभर छोटे घन असतात आणि प्रत्येक घनावर दोन गटांची तुलना होते. २० पैकी १ वेळा चुकण्याची मुभा ठेवली तर लाख घनांत ५,००० ठिकाणी नुसत्या योगायोगाने 'फरक' दिसेल. ही थट्टा नाही. २००९ मध्ये अमेरिकेत क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली आणि ही दुरुस्ती न करता हिशेब केला. मेलेल्या माशाचा मेंदू 'विचार' करताना दिसला. २०१६ मध्ये एकलुंड, निकोल्स आणि नुटसन यांनी ४९९ निरोगी माणसांचे स्कॅन घेतले, त्यांतून यदृच्छेने गट पाडून लक्षावधी वेळा तुलना केली. गटांत खरा फरक नव्हताच. तरी प्रचलित संगणक प्रणालींच्या काही पद्धती ५ टक्क्यांऐवजी ७० टक्क्यांपर्यंत वेळा फरक असल्याचे सांगत होत्या.

आणि समजा, फरक खरा निघाला. २०१५ मध्ये किंबर्ली नोबल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १,०९९ मुला-तरुणांच्या मेंदूंची कुटुंबाच्या उत्पन्नाशी तुलना केली. उत्पन्नाचा आणि मेंदूच्या पृष्ठभागाचा संबंध दिसला, आणि सर्वांत गरीब घरांत उत्पन्नातला थोडासा फरकही मोठ्या फरकाशी जोडलेला होता. आता पाथर्डी-शेवगावच्या ऊसतोड कामगारांचे पोर आठवा. दिवाळीनंतर ते आईबापाबरोबर फडावर जाते आणि त्याची शाळा बुडते. त्याच्या आणि पुण्यातल्या बंगल्यातल्या पोराच्या स्कॅनची तुलना करून कोणी त्याला जातीचे नाव दिले, तर आपला पहिला सवाल हा की गट जातीवर का पाडलात, जेवणावर का नाही?

इथवर वाचून माना डोलावणाऱ्या काही मित्रांना पुढचे आवडणार नाही. आपल्याच चळवळीत 'ब्राह्मणांचा डीएनए विदेशी, आपण मूलनिवासी' ही घोषणा वर्षानुवर्षे दिली जाते. तिचा आधार मायकेल बामशाद आणि सहकाऱ्यांचा २००१ चा अभ्यास. तो मुख्यतः आंध्रातल्या काही जातींवर होता. बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रात वरच्या जाती युरोपीयांना अधिक जवळ दिसल्या, पण आईकडून येणाऱ्या डीएनएत सगळ्याच जाती आशियाई लोकांना जवळ होत्या. घोषणेत हा दुसरा भाग येत नाही. पुढे २००९ आणि २०१३ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी अमेरिकन सहकाऱ्यांसोबत केलेल्या अभ्यासांत दिसले, की भारतातले जवळपास सगळेच गट दोन जुन्या लोकसमूहांच्या मिश्रणातून आले. ही सरमिसळ साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाली, आणि मग जातीबाहेरची लग्ने थांबत गेली. मिश्रण आधी, बंदी नंतर. १९१६ च्या निबंधाशी हे किती जुळते ते ज्याने त्याने पाहावे.

रिस्ले म्हणत होता जात म्हणजे वंश. 'विदेशी डीएनए'वालेही तेच म्हणतात, फक्त वर-खाली उलटे करून. बाबासाहेबांनी १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' मध्ये आर्य आक्रमणाची उपपत्ती फेटाळली आणि १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या वंशाची. हे दोन्ही ग्रंथ महाराष्ट्र शासनाने छापलेल्या इंग्रजी 'लेखन आणि भाषणे'च्या खंड ७ मध्ये एकत्र आहेत, आणि नासिका निर्देशांकाची कोष्टकेही त्यातच आहेत. पुढच्या अभ्यासवर्गाला येताना हा खंड आणावा, आणि सोबत एक कॅल्क्युलेटर. देशस्थ आणि महार यांच्या ओळीपासून सुरुवात करू.